दोन थेंब जमिनीला

१

शरदने दारू सोडली तेव्हा सगळ्यांनी मला फोन करून अभिनंदन केलं, जणू इतकी वर्षं मीच पीत होते. खरं तर त्याने काही सोडलं नव्हतं. त्याच्या लिव्हरने त्याला सोडायला लावलं होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, पुन्हा सुरू केलीत तर माझ्याकडे येऊ नका. मी त्यात माझं एक वाक्य जोडलं. पुन्हा थेंबभर जरी घेतलीस, तर मी निधीला घेऊन पुण्याला माझ्या भावाकडे जाईन आणि परत येणार नाही. हे मी रागाच्या भरात नाही म्हटलं, भाजी चिरता चिरता म्हटलं. म्हणून त्याला ते पटलं.

निधी आमची एकुलती एक. बारावीत आहे. बहरीनमध्येच वाढलेली, त्यामुळे मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं. तिला एकच गोष्ट हवी होती, घरात आरडाओरडा नको. मलाही तेवढंच हवं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकांच्या मागण्या फार लहान होतात.

पण दारू गेली आणि शरद उरला, त्याचं काय करायचं हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. मीना सलमान बंदरात जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तो इंजिनिअर. संध्याकाळी घरी आला की आता करायचं काय, हे त्याला कळायचं नाही. फ्रीज उघडायचा, बंद करायचा. एसीचा रिमोट सापडला नाही म्हणून माझ्या माहेरचा उद्धार करायचा. पूर्वी पिऊन भांडायचा, आता कोरडाच भांडू लागला, आणि कोरडं भांडण जास्त लांबतं. पिऊन भांडणारा माणूस निदान झोपी तरी जातो.

त्याच्या वर्कशॉपमध्ये सुजीत म्हणून एक नागपूरचा टेक्निशियन आहे. साधा, सरळ माणूस, दारू-सिगारेटला कधी हात न लावणारा. त्याला आमच्या घरची कथा ठाऊक होती. एकदा सुपरमार्केटात भेटला तेव्हा ट्रॉली बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "वहिनी, मुहर्रकला एक कावा बार उघडलाय म्हणे. घाबरू नका, दारू नाही. लांबच्या कुठल्या बेटांवरची मुळी आहे, ती कुटून पाण्यात कालवून देतात. माणूस शांत होतो म्हणतात. सरांना एकदा घेऊन जाऊन बघा न."

मी घरी येऊन शरदला सांगितलं. 'बार' हा शब्द ऐकल्यावर कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. मला ते बघून वाईट वाटलं आणि संतापही आला. माझ्याकडे बघून तो असा कधी उजळला, हे मला आठवेना.

२

मुहर्रक पुलापलीकडे, विमानतळाला खेटून; तिथल्या जुन्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. मोठ्या रस्त्यावर लावली आणि चालत गेलो. शुक्रवारची दुपार कलत आली होती, दुकानं अजून अर्धवट उघडी होती. बारचं घर जुनं, बसकं. पाटी नव्हती, दारावर फक्त एक करवंटी टांगलेली. "दृष्ट लागू नये म्हणून असेल," शरद म्हणाला. मूड चांगला होता त्याचा. आम्ही चपला दाराबाहेर काढल्या.

आत लांबट खोली होती. जमिनीवर चटया, भिंतीशी लोड, एसीची घरघर. मध्येच डोक्यावरून विमान जायचं आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या. आमच्याखेरीज एकही गिऱ्हाईक नव्हतं. खोलीच्या मागच्या बाजूला एक जाड मरून पडदा होता. जमिनीवर लोळेल इतका लांब, आणि एसी चालू असून जरासुद्धा न हलणारा.

बार चालवणारी बाई कनीज. साठीच्या पुढची, गुडघ्यावर हात दाबत उठणारी. हिंदी बोलत होती.

"मियाँ जहाज पे थे," तिने लाकडी पातेल्यात हात घालून ते करडं पाणी ढवळत सांगितलं. "उधर के जज़ीरों में सीखा ये सब."

"और अब?" शरदने विचारलं.

"अब अंदर हैं."

आजारी असतील, पडून असतील, असं मला वाटलं.

तिने आम्हांला रीत समजावली. आधी एक टाळी वाजवायची, म्हणजे करवंटी भरून मिळते. ती दोन्ही हातांनी घ्यायची, एका दमात रिकामी करायची, मग तीन टाळ्या. मध्ये थांबायचं नाही, उरवायचं नाही. "आरतीच आहे की," शरद माझ्या कानाशी म्हणाला, आणि मला चक्क हसू आलं. आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसलो असं फार दिवसांनी झालं होतं.

इथे एक सांगायला हवं. शरदचा देवाधर्मावर काडीचा विश्वास नाही. घरातल्या देव्हाऱ्यात त्याने कधी फूल ठेवलं नाही. पण हातात ग्लास आला की पहिल्या घोटाआधी अनामिका त्यात बुडवून दोन थेंब जमिनीवर उडवायचे, हे त्याचं एकदाही चुकलं नाही. आपल्याकडचे पिणारे बहुतेक सगळे करतात. कुणासाठी, ते त्यांनाही माहीत नसतं. मी विचारलं की शरद म्हणायचा, "असतो गं कुणीतरी तहानलेला."

त्याने टाळी वाजवली, करवंटी घेतली, आणि त्याचं बोट आपसूक आत गेलं. दोन थेंब चटईवर पडले.

कनीजचा हात पातेल्यातच थांबला. "किसको दिया?"

"किसी को नहीं," शरद हसला. "आदत है."

तिने पुढे वाकून ओढणीने चटई पुसायला घेतली, आणि पुसायचं सोडून दिलं. मीही बघितलं. चटई कोरडी होती. एसीमुळे असेल, किंवा चटईने शोषून घेतलं असेल. दुसरी एक करवंटी भरून कनीज गुडघे सांभाळत उठली, पडद्यासमोर जमिनीवर ठेवून आली आणि पुन्हा जागेवर बसली.

शरदने एका दमात पिऊन टाकलं. मीही प्यायले. चव चिखलाची, त्यात सुंठ ठेचल्यासारखी. थोड्याच वेळात दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर होतात तसे ओठ बधिर झाले. शरदने तीन टाळ्या वाजवल्या.

पडद्यामागे आणखी एक वाजली.

फार हळू, अगदी जवळून. शरद म्हणाला, "आतही बैठक आहे वाटतं." कनीजने मान वर केली नाही. मला वाटलं, तिचे मियाँ असतील. त्यात भिण्यासारखं काय होतं? तरी मी नंतर प्यायले नाही. शरद पीत राहिला, आणि दर वेळी त्याच्या टाळ्या संपल्या की आतून ती एक यायची. पडद्यासमोरची करवंटी केव्हा रिकामी झाली, ते मला दिसलं नाही.

मग शरद उठला. "हात चिकट झालेत, धुवून येतो," म्हणून पडदा बाजूला सारून आत गेला. एक विमान डोक्यावरून गेलं, काचा थरथरल्या, आणि त्या आवाजात तो परत आला. हात कोरडे होते. समोर उभा राहून म्हणाला, "निघायचं का?"

लग्नानंतर असं त्याने मला कधी विचारलं नव्हतं. तो उठायचा आणि चालायला लागायचा. मी मागून पर्स, चाव्या, चष्मा गोळा करत धावायची. मला बरं वाटलं. मुळी लागू पडली म्हणायची.

दाराबाहेर आमच्या दोघांच्याच चपला होत्या.

३

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यभर मागितले होते तसे गेले, हे कबूल केलंच पाहिजे.

शरद संध्याकाळी घरी यायचा, बूट जागेवर ठेवायचा, हातपाय धुवून टेबलाशी बसायचा. समोर ठेवलेलं जेवायचा. मीठ कमी आहे म्हणायचा नाही, जास्त आहे असंही नाही. निधीला मॅथ्स समजावताना त्याचा आवाज एकदाही चढला नाही. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, बाबा इज सो चिल नाऊ. व्हॉटेव्हर यू डिड, थँक यू." आणि तिने मला मिठी मारली. ती मिठी मारणारी पोरगी नाही.

मी ऑफिसात आकडेमोड करते. हिशेब जुळला की माझा जीव भांड्यात पडतो, मग तो का जुळला हे मी उकरत बसत नाही. पण एकेक गोष्ट टोचू लागली.

पहिली चहाची. उकळता चहा त्याच्यापुढे ठेवला तर त्याने कप दोन्ही हातांनी उचलला आणि एका दमात रिकामा केला. माझ्या अंगावर काटा आला. "अरे, भाजलं नाही का?" तो जरा विचार करून म्हणाला, "जीभ अजून बधिर आहे." मुहर्रकला जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. मी मनाशी म्हटलं, नसांना काहीतरी झालं असेल, दारू सुटल्यावर होतात असे त्रास. नेटवर शोधलं तर तसं काहीबाही सापडलंसुद्धा. नेटवर सगळंच सापडतं.

मग सुजीतचा फोन आला. "वहिनी, सरांची तब्येत बरी आहे न?" तो जरा चाचरत होता. "नाही, म्हणजे कामात काहीच चूक नाही. पण ते आता कुणालाच नावाने हाक मारत नाहीत. आमच्यातलं कोणी दिसलं की जवळ येऊन उभे राहतात, आपण बोलेपर्यंत. पूर्वी कसे शिव्या देत यायचे, दुरूनच कळायचं. पोरं म्हणतात, सरांनी शिव्या दिल्या तरी चालतील."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मुहर्रकहून आल्यापासून शरदने मलाही नावाने हाक मारली नव्हती. 'निवे' नाही, 'अगं' नाही. निधीलासुद्धा नाही. तो यायचा आणि उभा राहायचा.

आणखी एक विचित्र गोष्ट झाली, ती माझ्याकडून. मी त्याला अहो-जाहो करू लागले. लग्नाआधीपासून आमचं अरे-तुरे. एक दिवस माझ्या तोंडून "तुम्ही जेवून घ्या" असं निघालं आणि मी दचकले. पण सुधारायला गेले तर 'तू' काही जिभेवर येईना. दारात आलेल्या अनोळखी माणसाला कसं आपण एकदम 'तू' म्हणत नाही, तसं झालं.

४

माणसाला सुख मिळालं की तो ते नखाने खरवडून बघतो. मीही बघितलं.

निधी क्लासला गेली होती. तो सोफ्यावर बसला होता, टीव्ही बंद, हात मांडीवर. मी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "मला एक शिवी द्या."

त्याने माझ्याकडे बघितलं. राग नाही, आश्चर्य नाही. नम्रपणे विचारलं, "कोणती देऊ?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. उगाच भांडी घासली. रडूही आलं. वाटलं, मी काय वेडी आहे? शेजारणी नवऱ्याच्या शिव्यांना कंटाळून रडतात, आणि मी नवरा शिव्या देत नाही म्हणून रडतेय. कुणाला सांगितलं असतं तर माझ्याच डोक्याची तपासणी करायला नेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर जाऊन मी व्हिस्कीची बाटली आणली. ज्या वस्तूसाठी मी घर मोडायची धमकी दिली, ती माझ्याच पर्समध्ये घालून आणली. त्याची आवडती, जिचं नुसतं लेबल लांबून दिसलं तरी तो गप्पांत अडखळायचा. बाटली आणि रिकामा ग्लास त्याच्यापुढे ठेवला आणि उभी राहिले. मी काय मागत होते ते मला पक्कं ठाऊक होतं. मला वाटत होतं, त्याचे डोळे लकाकावेत. तेवढं दिसलं की मी बाटली बेसिनमध्ये ओतणार होते, पोटभर भांडणार होते, आणि त्या रात्री शांत झोपणार होते.

त्याने बाटली हातात घेऊन फिरवली. "औषध आहे का?"

मी ग्लास त्याच्याकडे सरकवला.

"सांगाल तेवढं घेतो," तो म्हणाला.

मी बाटली ओतून टाकली. वास सगळ्या घरात पसरला. तो जागेवर बसूनच होता, आणि त्या वासाने त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही.

५

पुढच्या शुक्रवारी मी म्हटलं, मुहर्रकला माझं काम आहे. तो लगेच उठला. गाडी त्यानेच चालवली, पुलावरून जाताना एकदाही हॉर्न वाजवला नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून मात्र तो उतरला नाही.

"मी इथेच बसतो," तो म्हणाला. "मला आत जायचं नाही."

इतक्या दिवसांत तो कशाला नको म्हणाला असेल तर ते एवढंच.

दार उघडंच होतं. ऊन अजून उतरलं नव्हतं, चटईवर खिडकीचा चौकोन पडला होता. कनीज पातेल्याशी बसली होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही.

"क्या हुआ? घर में ठीक नहीं?"

"ठीक है."

"पीता है?"

"नहीं."

"चिल्लाता है? हाथ उठाता है?"

"नहीं."

"फिर?"

मी चटईवर बसले. तिला काय सांगणार होते? की माझा माणूस मला परत हवा आहे? कुठला? फ्रीजची दारं आपटणारा, माझ्या आईवडिलांना नावं ठेवणारा, निधी लहान असताना पिऊन जिन्यात पडलेला, ज्याला बघून ती पोर घाबरून शेजाऱ्यांकडे पळाली होती, तो? हो. तोच. मला लाज वाटली, पण मला तोच हवा होता. एकदा फक्त त्याने माझ्याकडे बघून 'निवे' म्हणावं.

पडद्यामागे एक टाळी वाजली.

कनीज उठली नाही. गुडघा चोळत राहिली. "सुबह से यही चल रहा है," ती म्हणाली. "मुझसे बार-बार उठा नहीं जाता. आज आप दे दो."

पडद्याची खालची कड जरा उचलली गेली आणि तिथून एक हात बाहेर आला. मनगटाच्या थोडा वरपर्यंतच. तळवा वर, आणि तळव्यावर रिकामी करवंटी.

नवऱ्याचा हात ओळखायला चेहरा बघावा लागत नाही. नखं वाढली होती, बोटं करडी पडली होती, त्या पाण्याच्या रंगाची. बाहीला निळ्या चौकड्या होत्या. तो शर्ट मी सकाळी माझ्या हाताने इस्त्री केला होता, आणि तोच शर्ट आत्ता बाहेर गाडीत बसलेल्याच्या अंगात होता.

मी गुडघ्यांवर सरकत जवळ गेले. "शरद."

हात थबकला.

"शरद, मी आलेय. चल घरी. निधी घरी आहे. ऊठ, मी धरते तुला." 'तू' किती सहज आलं. माझे डोळे भरून आले. पडदा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर लांब होता. मागे श्वास ऐकू येत होता, जड, ओळखीचा. नुसता हात पुढे करून ते कापड बाजूला ओढायचं होतं. मी कड धरलीसुद्धा.

"किती वेळ लावतेस गं?" आतून तो म्हणाला. "आधी भर."

आवाज त्याचाच. तोच वैताग, तीच घाई. मी आहे की आणखी कुणी, याच्याशी काही देणंघेणं नसलेला.

"घरी चल म्हणतेय मी. ऐकतोयस का?"

करवंटी माझ्या दिशेने आणखी जराशी पुढे आली. "भर म्हटलं ना."

इतके दिवस मला त्याची जी आठवण येत होती, ती त्या एका क्षणात संपली. दुःख झालं असं म्हणणं खोटं होईल. मी पडद्याची कड सोडली. पातेल्यातली पळी घेतली आणि करवंटी भरली. एवढ्या वर्षांत मी त्याला स्वतःच्या हाताने कधी भरून दिलं नव्हतं. त्या दिवशी काठोकाठ भरलं.

हात आत गेला. एका दमात गिळल्याचा आवाज आला. पुढच्या टाळ्यांसाठी मी थांबले नाही. चपला घालून थेट गल्लीच्या तोंडाशी आले.

गाडीचं इंजिन चालू होतं, आत गार होतं. माझ्या सीटवर पाण्याची थंड बाटली ठेवलेली होती. मी बसले, दार लावलं. निधीचा मेसेज आला होता, बाबाला विचार, येताना पिझ्झा आणाल का. मी तो वाचून दाखवला. त्याने मान डोलावली, पण गाडी हलवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो गल्लीच्या त्या टोकाकडे बघत होता.

"आत कुणी ओळखीचं होतं का?" त्याने विचारलं.

मी उत्तर देईपर्यंत तो तसाच बसून राहिला असता, दिवसभर, महिनाभर. त्याला घाई नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "चला."